मोटारीचा पिवळा दिवा

मोटार ही वस्तु आज इतकी घरगुती झाली आहे कीं, तिच्या पोटांत काय चालतें याची चौकशी करण्याची गरज बहुतेकांस वाटत नाहीं. किल्ली फिरवावी, गाडी सुरू व्हावी आणि इष्ट स्थळीं पोंचावें, एवढाच मालकाचा तिच्याशीं संबंध. परंतु एखाद्या दिवशीं चालकाच्या समोर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा लागतो, आणि हा सुखाचा संसार एकाएकीं बिघडतो. इंजिन चालू असतें, गाडी धांवत असते, दिवा मात्र विझत नाहीं. अशा वेळीं माणसांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील गृहस्थ घाबरून भर रस्त्यांत गाडी उभी करतो. दुसऱ्या वर्गांतील गृहस्थ 'दिव्याचें एवढें काय' असें म्हणून तिकडे पाहण्याचेंच सोडून देतो. दोघेहि चुकतात, आणि त्या चुकीची किंमत दोघांसहि द्यावी लागते. ती टाळावयाची तर हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

समजा, उन्हाळ्याच्या सुटींत पुण्याचें एक कुटुंब महाबळेश्वरास निघालें आहे. गाडी दहा वर्षांची, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. मागच्या बाजूस आजी आणि दोन मुलें बसलीं आहेत. वाई मागें पडते, पसरणीचा घाट सुरू होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी हिसके देऊं लागते. पिवळा दिवा लागतो. नुसता लागत नाहीं, तर उघडझाप करूं लागतो. "अहो, जरा थांबूं या का?" असें पत्नी विचारते. "पांचगणी आतां कितीशी राहिली? तेथें पोंचल्यावर पाहूं," असें उत्तर येतें, आणि गाडी जोर धरीना म्हणून एक्सिलरेटर अधिकच दाबला जातो. उत्तर स्वाभाविक आहे. चढावर, वळणावर, मुलांबाळांसह कोण थांबणार? परंतु या एका उत्तरानें पुढें केवढा खर्च ओढवतो, हें त्या बिचाऱ्या गृहस्थास ठाऊक नसतें.

मोटारीच्या दिव्यांत रंगाला अर्थ आहे. तेलाचा दाब गेल्याचा किंवा इंजिनाचें पाणी तापल्याचा दिवा लाल असतो. तो लागतांच सुरक्षित जागा पाहून थांबावें आणि इंजिन बंद करावें. कारण तेलावांचून इंजिन थोडक्याच वेळांत कायमचें निकामी होतें. इंजिनाच्या आकृतीचा दिवा पिवळा असतो. तो स्थिर जळत असेल व गाडी नेहमींप्रमाणें चालत असेल, तर प्रवास पुरा करून एक-दोन दिवसांत तपासणी करावी. परंतु तोच दिवा उघडझाप करूं लागला, तर तत्काळ वेग कमी करावा, इंजिनावरील भार हलका करावा आणि पहिल्या सोयीच्या जागीं थांबावें. स्थिर दिवा हें सांगणें आहे. उघडझाप करणारा दिवा ही हांक आहे.

या दिव्याचा जन्म एका शहराच्या गुदमरण्यांतून झाला. १९४३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजिलिस शहरावर असा कांहीं धूसर, डोळे झोंबविणारा थर पसरला कीं, युद्धाचे दिवस असल्यानें कित्येकांस तो शत्रूच्या विषारी वायूचा हल्ला वाटला. दोष प्रथम कारखान्यांवर गेला. पुढें १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडून ही घाण तयार होते. १९७५ च्या सुमारास अमेरिकन मोटारींना कॅटलिटिक कन्व्हर्टर बसूं लागले. परंतु नव्या गाडीचा धूर स्वच्छ असला, तरी पांच वर्षांनीं तो तसाच राहील याची हमी कोण देणार? धूर डोळ्यांस दिसत नाहीं, आणि मालकास त्याचा उपद्रवहि होत नाहीं. तेव्हां गाडीनेंच स्वतःवर लक्ष ठेवावें व दोष आढळतांच दिवा लावावा, असा नियम कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ पासूनच्या गाड्यांना लागू केला. १९९६ पासून त्याची सुधारलेली पद्धत सबंध अमेरिकेंत आली, तीच ओबीडी-दोन. युरोपांत पेट्रोलच्या गाड्यांसाठीं ती २००१ पासून आणि भारतांत २०१० ते २०१३ या काळांत टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली.

त्यापूर्वींच्या कांहीं गाड्यांत दोष वाचण्याची रीत मोठी गमतीची होती. तपासणीच्या खुंट्यांपैकीं दोन तारेच्या तुकड्यानें जोडावयाच्या आणि दिवा किती वेळां मिचकतो तें मोजावयाचें. एकदां मिचकला, थांबला, आणि पुन्हां दोनदां मिचकला, कीं अंक बारा. प्रत्येक कंपनीची खुंटी निराळी, अंक निराळे, पुस्तक निराळें. नव्या पद्धतीनें हा गोंधळ मिटविला. चालकाच्या गुडघ्याजवळ, सुकाणूच्या खालीं, सोळा खांचांचें एकच ठराविक सॉकेट आलें, आणि मुख्य मुख्य दोषांना सर्व कंपन्यांत एकच क्रमांक मिळाला. आज बोटभर लांबीचें, थोडक्या पैशांत मिळणारें यंत्र त्या सॉकेटांत बसवून कोणासहि आपल्या मोबाइलवर हे क्रमांक वाचतां येतात.

या क्रमांकाला गॅरेजांत 'कोड' म्हणतात, आणि त्याचें व्याकरण अवघड नाहीं. प्रथम एक अक्षर असतें. पी म्हणजे इंजिन व गिअर यांचा संसार. सी म्हणजे ब्रेक, सुकाणू इत्यादि. बी म्हणजे गाडीच्या सांगाड्यांतील वस्तु. यू म्हणजे गाडींतील निरनिराळ्या संगणकांचें आपसांतील दळणवळण. नंतरचा अंक शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान. एक असेल तर तो त्या त्या कंपनीचा खासगी. खासगी कोडचा अर्थ एका कंपनीच्या गाडींत एक आणि दुसरीच्या गाडींत भलताच असूं शकतो, हें विसरतां कामा नये. तिसरें स्थान विभाग दाखवितें: एक व दोन म्हणजे इंधन आणि हवा, तीन म्हणजे ठिणगी व ज्वलन, चार म्हणजे धूर शुद्ध करणारीं साधनें. शेवटचे दोन अंक नेमका दोष सांगतात. घाटांतील त्या गाडींत पी०३०१ असा कोड निघाला, तर त्याचा अर्थ असा: इंजिन, सर्वसामान्य, ज्वलनविभाग, पहिला सिलिंडर. पहिल्या सिलिंडरांत इंधन पेटत नाहीं; गॅरेजच्या भाषेंत, तो 'मिस' मारतो आहे.

संगणकास हें कळतें तरी कसें? सिलिंडरांत डोकावून पाहणारा डोळा त्याच्यापाशीं नसतो. परंतु इंजिनाच्या मुख्य दांड्यापाशीं एक सेन्सर त्याची गति क्षणोक्षणीं मोजत असतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतांना त्यांत सेकंदाला १०० स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटासरशीं दांड्याला एक सूक्ष्म धक्का मिळतो. चारांपैकीं एक धक्का चुकला, तर दांडा किंचित् मंदावतो. कोणाची पाळी होती तें संगणकास ठाऊक असतें. म्हणून तो नेमका सिलिंडर सांगूं शकतो. कुशल वैद्य जसा नाडीच्या ठोक्यांतील खंड ओळखतो, तसाच हा प्रकार आहे.

आतां दिवा उघडझाप कां करतो, तें पाहतां येईल. पेटावयाचें इंधन सिलिंडरांत न पेटतां हवेसह तसेंच बाहेर पडतें आणि तापलेल्या कन्व्हर्टरांत जाऊन तेथें पेट घेतें. कन्व्हर्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर असतो. उष्णता सुमारें १००० अंशांवर गेली कीं तो थर नासूं लागतो, आणि त्याहून वाढली कीं जाळीच वितळून तिच्या वाटा बुजतात. चढावर एक्सिलरेटर दाबला कीं इंधन अधिक जातें, आणि नासाडीहि अधिक वेगानें होते. म्हणजे पांचगणी गांठण्याच्या घाईंत त्या गृहस्थानें एका लहानशा दुखण्याचें मोठें दुखणें करून ठेवलें. कांहीं महिन्यांनीं त्याच गाडींत पी०४२० हा दुसरा कोड निघतो. कन्व्हर्टरचें काम अपुरें पडतें, असा त्याचा अर्थ. आणि नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकून त्यास घाट आठवतो.

येथें या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. कोड हा निकाल नव्हे, ती एक साक्ष आहे. पी०१७१ हा नित्य आढळणारा कोड घेतला तर हें स्पष्ट होईल. पेट्रोलच्या एका भागास वजनानें १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळींतील ऑक्सिजन सेन्सर हें प्रमाण पाहून संगणकास कळवितो, आणि संगणक त्याप्रमाणें इंधन कमीअधिक करतो. इंधन वाढवून वाढवून मर्यादा संपली, तरी धुरांत ऑक्सिजन अधिकच दिसतो, अशी स्थिति झाली म्हणजे पी०१७१ हा कोड पडतो. हा कोड वाचून पुष्कळ ठिकाणीं पहिल्यानें बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर! वस्तुतः त्यानें आपलें काम चोख केलेलें असतें. चोर सोडून संन्याशाला सुळीं द्यावें तसें हें होतें. खरा दोष बहुधा दुसरीकडे असतो: हवेच्या रबरी नळीस चीर गेलेली असते, हवा मोजणारा सेन्सर मळलेला असतो, किंवा पेट्रोलचा पंप थकलेला असतो.

या तिघांतून गुन्हेगार निवडण्याची युक्तिहि तोच संगणक देतो. आपण मूळ हिशेबाहून शेंकडा किती इंधन अधिक देत आहों, तो आंकडा स्कॅनरवर दिसतो. इंजिन जागच्या जागीं मंद चालत असतांना तो आंकडा, समजा, २५ आहे आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेतांच ५ वर आला, तर नळींतील चिरेचा संशय धरावा. मंद गतींत इंजिन हवाच थोडी घेतें; त्यांत चिरेंतून शिरणाऱ्या हवेचा वांटा मोठा ठरतो. गति वाढली कीं एकंदर हवा वाढते आणि चोरट्या हवेचा वांटा नगण्य होतो. याच्या उलट, भार व गति वाढतांच तो आंकडाहि वाढत गेला, तर पेट्रोल पुरें पडत नाहीं किंवा हवेचें मोजमाप चुकतें, असा तर्क करावा. एवढी परीक्षा दहा मिनिटांत, एकहि भाग न बदलतां होते. जो मिस्त्री ती करतो, त्याची मजुरी थोडी अधिक असली तरी तो अंतीं स्वस्तच पडतो.

घाटांतील गाडीकडे पुन्हां वळूं या. ती एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हातीं लागली, तर तो पी०३०१ वाचून लागलीच नव्या भागांची यादी करीत नाहीं. प्रथम तो कोडबरोबर साठविलेली नोंद पाहतो. दोष घडला त्या क्षणीं इंजिनाची गति किती, भार किती, पाणी किती तापलें होतें, हें सर्व संगणकानें छायाचित्र काढावें तसें टिपून ठेवलेलें असतें. दोष चढावर, भरल्या भारांत घडला, हें त्यावरून कळतें. आणि भार वाढला कीं ठिणगीस अधिक दाबाची वीज लागते. म्हणून संशय प्रथम ठिणगीवर. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असेल, तर मिस्त्री पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर चढवितो, कोड पुसतो व गाडी चढावर नेऊन पाहतो. "साहेब, आतां पी०३०२ आला," असें तो म्हणाला, तर प्रश्न सुटला. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरावर गेला. म्हणजे कॉइलच दोषी. कोड पहिल्यावरच राहिला, तर स्पार्क प्लग, नंतर इंजेक्टर, आणि शेवटीं सिलिंडराचा दाब, अशा क्रमानें तपास पुढें चालतो. गाडीस सीएनजी बसविलेला असेल, तर प्लगकडे विशेष लक्ष द्यावें. त्या वायूस पेटविण्यासाठीं ठिणगी पेट्रोलपेक्षां जोरदार लागते, आणि झिजलेला प्लग तेथें लवकर उघडा पडतो.

क्रमाचा हा आग्रह व्यर्थ नाहीं. पी०४२० पाहून नवा कन्व्हर्टर बसविला आणि मिस मारणारा सिलिंडर तसाच ठेवला, तर नवाहि जुन्याच्याच वाटेनें जातो. एका वेळीं अनेक कोड निघाले, तर आधीं मूळ शोधावें. शाखा पुष्कळदां आपोआप वाळतात. बॅटरी अशक्त असली, तर परस्परांशीं संबंध नसलेले पांच-सहा कोड एकदम पडतात, आणि भोळा मालक पांच-सहा दुरुस्त्या मान्य करून बसतो. म्हणून कोणताहि महाग भाग बदलण्यापूर्वीं बॅटरीचा दाब, तारांचीं जोडणीं आणि हवेच्या नळ्या यांवर एकदां नजर टाकावी.

कांहीं जण याहून सोपा मार्ग काढतात. स्कॅनरवरील एक कळ दाबून कोड पुसतात. दिवा विझतो, आणि मालक आनंदानें घरीं जातो. परंतु रोग तसाच असेल, तर बहुतेक दोषांत लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तो पुन्हां सिद्ध होतो आणि दिवा परत लागतो. शिवाय कोड पुसतांना दोषाच्या क्षणाची ती बहुमोल नोंदहि पुसली जाते. म्हणजे पुढच्या मिस्त्रीच्या हातचा पुरावाच नाहींसा होतो. दोष खरोखर गेला असेल, तर दिवा पुसण्याची गरजच पडत नाहीं. लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्या झाल्या कीं तो आपण होऊन विझतो, आणि इंजिन सुमारें चाळीस वेळां थंड होऊन पुन्हां तापलें कीं कोडहि स्मृतींतून जातो.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें तर हें प्रकरण नीट ध्यानांत ठेवावें. किल्ली फिरवून, परंतु इंजिन सुरू न करतां, समोर पाहावें. त्या वेळीं पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाहीं, तर कोणी तरी तो बंद करून ठेवला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. दिवा लागला व इंजिन सुरू होतांच विझला, तरीहि स्कॅनर लावून घ्यावा. ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर इत्यादींच्या ज्या परीक्षा संगणक चालत्या गाडींत घेतो, त्यांपैकीं पुऱ्या किती व अपुऱ्या किती, हें तेथें दिसतें. कोड एकहि नाहीं, पण बहुतेक परीक्षा अपुऱ्या, असें दिसलें, तर नुकताच कोणी तरी इतिहास पुसला किंवा बॅटरी काढली, हें उघड आहे. अशा वेळीं विकणाऱ्यास नम्रपणें एवढेंच सांगावें कीं, गाडी चार दिवस चालवून मग व्यवहार करूं.

मालकानें स्वतः करावयाचें काम फारसें नाहीं. दिवा लागला तेव्हां गाडी चढावर होती कीं सपाटीवर, थंड होती कीं तापलेली, पेट्रोल नुकतेंच भरलें होतें काय, हें कागदावर टिपावें. गॅरेजांत 'सेन्सर गेला' एवढ्यावर समाधान न मानतां कोडचा क्रमांक विचारावा व तो लिहून घ्यावा. भाग बदलण्यापूर्वीं 'हा भागच दोषी, हें कशावरून ठरविलें?' असा एक प्रश्न सौम्य शब्दांत विचारावा. प्रामाणिक मिस्त्रीस त्या प्रश्नाचा राग येत नाहीं. उलट आपल्या कामाची कदर करणारें कोणी तरी भेटलें म्हणून त्यास बरेंच वाटतें.

राहतां राहिला तो 'गाडी तर चालते आहे' असें म्हणणारा गृहस्थ. गाडी चालते हें खरें. परंतु तिच्या मागें जो धूर सुटतो, त्याचा वास त्याच्या बंद काचांच्या आंत येत नाहीं. चौकांत त्याच्या मागें सायकलीवर शाळेंत जाणारा मुलगा उभा असतो, कडेला भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई असते. तो धूर त्यांच्या वांट्यास येतो. लॉस एंजिलिसच्या रहिवाशांस जें १९४३ मध्यें डोळ्यांत पाणी येऊन कळलें, तेंच हा लहानसा दिवा आज प्रत्येक मालकास आगाऊ कळवीत असतो. पसरणीच्या घाटांत पत्नीचें ऐकून ती गाडी एखाद्या रुंद वळणावर थांबली असती आणि तेथून ओढून वाईस परत नेली असती, तर काम एका कॉइलवर भागलें असतें. मुलांचें महाबळेश्वर फार तर एका दिवसानें लांबलें असतें.